अर्ध्या पानांचे वीर

२ जून

प्रिय शंकासुरास,

ताईचा आशीर्वाद. सोळा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काहीही नको आहे. (शेवटचं विधान असत्य आहे, पण पहिल्याच परिच्छेदात खरं बोलण्याची आपल्या घराण्यात रीत नाही.) प्रत्येक पाठात शंका काढणाऱ्या भाच्याला हे नाव बाबांनी दिलं होतं. ते गेल्यावर हाक मारायचा हक्क वारशानं माझ्याकडे आला असं मी धरून चालते.

विषय असा. त्या तलवारबाजीच्या अ‍ॅनिमे मालिकेचे मराठी संवाद मी लिहिते. म्हणजे अर्धे लिहिते. वणवा माझ्याकडे आहे: आगीची तलवार, तोंडाला लगाम नाही, दार दिसलं की लाथ. त्याचा जन्माचा वैरी गारठा: बर्फाचा भाला, आवाज कधी चढत नाही. मागच्या दोन वर्षांत दोघांनी एकमेकांना अकरा वेळा मारायचा प्रयत्न केला. आता राखेचा राजा शहर गिळायला निघालाय, म्हणून नाइलाजानं एकत्र आलेत.

गारठ्याचे संवाद कोण लिहितं ते कंपनी सांगत नाही. पण परवा मी मागचे भाग पाहिले. हा गृहस्थ शत्रूचे आधी आभार मानतो, मग भोसकतो, मग दिलगिरी व्यक्त करतो. असं लिहिणारा प्राणी मला ठाऊक आहे. तो आमच्याच घरी, बाबांसमोर मांडी घालून संस्कृत शिकला. पत्ता आत्याकडून घेतला. ती म्हणाली, "भांडायला लिहितेयस की समेटाला?" म्हटलं, "कामाला."

मागच्या वर्षी शेवट आधीच फुटला म्हणून यंदा कंपनीनं नवी युक्ती काढली आहे, तुलाही ती भोवत असेलच. मला फक्त वणव्याच्या वाक्यांचं कच्चं भाषांतर मिळतं. चित्रात बाकी सगळ्यांच्या तोंडावर करडा ठिपका, आवाज बंद. माझा वीर बारा भाग डागांशी बोलतो आहे. आठव्या भागात तो चक्क पाठ फिरवतो आणि एका डागाला म्हणतो, "माझी पाठ सांभाळ." तो डाग म्हणजे तुझा गारठा. तेव्हा भाल्याचं टोक कुठे असतं, एवढंच सांग.

करारात मालिकेबद्दल फोन, ईमेल, मेसेज यांना बंदी आहे. पत्रांचा उल्लेख नाही. पोस्ट नावाचं खातं चालू आहे हे बहुधा त्यांच्या वकिलाला माहीत नसावं.

आणखी एक. पुढच्या मालिकेसाठी दोघांतला एकच लेखक ठेवणार, हे तुलाही कळवलं असेल. माझ्या शाळेनं वेळापत्रकातून संस्कृत काढलं आणि संस्कृतबरोबर मलाही. मला हे काम हवं आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर हेतू शोधत बसायला नको.

तुझी ताई


८ जून

ताईस,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा हेतूसाठी. हेतू तू सांगितला आहेस, म्हणून तोच असेल असं नाही.

सोळा वर्षांपूर्वी आपण मुलांचं एक नाटक मिळून लिहिलं. शेवट कुणाचा घ्यायचा यावर मतभेद होते. एका सकाळी मॅनेजरच्या टेबलावर तुझा शेवट होता आणि माझा टेबलाखालच्या टोपलीत. तो तिथं आपल्या पायांनी चालत गेला नसावा. तेव्हा माझी पाठ सांभाळ असं कुणी म्हटलं की मी आधी भिंत शोधतो.

तरीही एका प्रश्नाला एक उत्तर, या बोलीवर चालू. आठव्या भागात गारठा म्हणतो, "सांभाळतो. आभार मानू नकोस." भाला राजाकडे रोखलेला आहे. निदान माझ्या चित्रात तरी.

आता माझा प्रश्न. त्याच भागाच्या शेवटी दोघं एका काळ्या तळ्यापाशी येतात. गारठा म्हणतो, "तू आधी." वणवा उतरतो का?

मलाही हे काम हवं आहे. त्यासाठी ग्रंथालयातली नोकरी सोडली. बायको विचारते, "मोठी माणसं कार्टूनला तोंड देतात?" 

आतेभाऊ


१३ जून

प्रिय शंकासुरास,

उतरतो. शिवी हासडून उतरतो. तुझा वीर "तू आधी" म्हणतो आणि काठावर उभा राहतो, हे स्वभावाला धरून झालं.

नाटकाबद्दल: तुझा शेवट चौदा पानांचा होता आणि त्यात राक्षस पश्चात्ताप करत होता. टोपलीत मी टाकला नाही. मॅनेजरनं टाकला तेव्हा मी अडवलं नाही, एवढा गुन्हा कबूल.

आता मी तुला विचारते, आणि सरळ विचारते. कच्च्या भाषांतराशी तुझा काही संबंध आहे का?

काल स्टुडिओत वाचनाला गेले होते. वणव्याला आवाज देणारा नट धिप्पाड आहे, गळ्यात बारमाही मफलर आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. त्याला सगळे घसा म्हणतात. नवव्या भागाची पानं वाचून त्यानं ती माझ्यापुढे आपटली.

"बाई, याला झालंय काय?"

"कुणाला?"

"वणव्याला! आठ भाग नुसता बोंबलत होता. आता दार ठोठावतो. राजाला म्हणतो, 'आपण क्षणभर थांबावं ही विनंती.' विनंती! मग मी हा घसा कशाला जपतोय?"

"कच्चं भाषांतर तसंच आहे हो."

"मग कच्चं राहिलंय ते. शिजवा."

तो खोटं बोलत नव्हता. नवव्यापासून बाराव्यापर्यंत वणवा थंड, मोजूनमापून, सभ्य बोलतो. असं बोलणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. माझ्या वीराला बुळा करून ठेवला की कंपनी तुझ्या वीराचा लेखक ठेवणार, हे गणित मलाही येतं.

मी सगळं शिजवलं आहे. "आपण क्षणभर थांबावं" च्या जागी आता "थांब, राखेच्या पोत्या, वाऱ्यावर उधळतो तुला!" आहे. घशानं खुर्चीवर उभं राहून वाचलं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन काढून ठेवले.

ताई


१८ जून

ताई,

धन्य आहे तुझी. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणणार होतो; पण शिकलेल्या घरातला म्हणून थांबलो.

माझ्याच पानांत कुणीतरी घुसलं आहे आणि मी कंपनीला काही बोललो नाही, कारण हात कुणाचा ते मला पहिल्या वाक्यात कळलं होतं. नवव्या भागात माझा गारठा, ज्यानं आठ भागांत 'अरे' सुद्धा म्हटलेलं नाही, तो राजाच्या पहारेकऱ्याला म्हणतो, "दात मोजून हातात देईन!" पुढे जिना न उतरता कठड्यावरून उडी मारतो. दहाव्यात भाला भिंतीवर आपटून मोडतो आणि हसतो. तो हसतो, ताई! त्याला हसायला येतं हे मलाच माहीत नव्हतं.

कुणा भाषांतरकाराला फितवून तू तुझा धुडगूस माझ्या घरात घातलास. मी सगळं धुऊन काढलं आहे. आता तो म्हणतो, "तुमच्या दातांविषयी मला काळजी वाटते." भीती त्यातच जास्त आहे.

तुझ्या गणिताला माझं गणित: ज्याला स्वतःचा वीर सांभाळता येत नाही, तो दुसऱ्याचा बिघडवायला जातो.

यापुढे प्रश्नोत्तरं बंद.

आतेभाऊ


२४ जून

शंकासुरा,

आधी पूर्ण वाच, मग फाड.

"दात मोजून हातात देईन." हे वाक्य मी लिहिलेलं नाही. पण मीच लिहिलं असतं. हे वणव्याचं वाक्य आहे, हाडामांसासकट.

तुझं पत्र आल्यावर मी नववा भाग पुन्हा लावला, आवाज बंद करून, फक्त हात बघायला. वणवा डावखुरा आहे. आठ भाग तलवार डाव्या हातात. काळ्या तळ्यातून वर आल्यापासून ती उजव्या हातात आहे, आणि तो ती फिरवत नाही, भोसकतो. भाल्यासारखी. मला वाटलं होतं चित्रकाराची डुलकी. डुलकी चित्रकाराची नव्हती.

तळ्यात दोघांनी रूपं बदलली आहेत. वणव्याच्या चेहऱ्यामागे गारठा आहे, गारठ्याच्या चेहऱ्यामागे वणवा. राजाला दोघांची दुखरी जागा ठाऊक आहे: वणव्यावर पाणी, गारठ्यावर जाळ. आता तो पाणी टाकेल ते गारठ्यावर, जाळ टाकेल तो वणव्यावर, आणि दोघं ते हसत पिऊन टाकतील. हाच त्यांचा डाव. म्हणून तर तुझा वीर हसतो!

कंपनीनं वाक्यं वाटली चेहरा बघून. ज्याचं तोंड हलतं त्याच्या लेखकाला. म्हणजे चार भाग मी तुझा वीर लिहिते आहे, तू माझा. आणि दोघांनीही काय केलं? आपापल्या वीराची इतकी कड घेतली, की मूळ वाक्यंच सुधारून टाकली. रूपांतर त्यांनी केलं, ते उलटं आपण फिरवलं. असं रेकॉर्ड झालं तर तळ्यात काही घडलं होतं हे ऐकणाऱ्या कुणालाच कळणार नाही. बाराव्या भागात ते आपली रूपं परत घेतील तेव्हा लोक विचारतील, काय परत घेतलं?

रेकॉर्डिंग अठरा जुलैला आहे. कंपनीला सांगायचं तर आपण एकमेकांचं वाचलं हे कबूल करावं लागेल, आणि पानं दाखवणारा बाहेर असं करारात ठळक लिहिलंय. तेव्हा नऊ ते बाराची तुझी पानं मला पाठव, माझी मी तुला. एकाच दिवशी पोस्टात टाकू. तू माझा चेहरा लिही, मी तुझा. गुपचूप.

ताई


२८ जून

ताई,

तर्क निर्दोष आहे. मामांनी पाठ थोपटली असती.

पण काल करारबाईंचा फोन आला. (कंपनीच्या समन्वयक बाई, दर तिसऱ्या वाक्यात करार काढतात, म्हणून मी हे नाव ठेवलं आहे.) म्हणाल्या, "तुमचा कुणा नातेवाइकांशी पत्रव्यवहार आहे का हो? सहज विचारतेय." इतकं सहज मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आपल्या पत्रांबद्दल जगात दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी आहे.

शिवाय त्यांनी सांगितलं, पानं दाखवणाऱ्याची जो खबर देईल तो नक्की राहील. हे ऐकल्यावर तुझं "एकाच दिवशी पोस्टात टाकू" मी पुन्हा वाचलं. माझी पानं तुझ्या हातात म्हणजे माझा राजीनामा माझ्याच अक्षरात.

पानं पाठवत नाही.

आतेभाऊ


३ जुलै

शंकासुरा,

फोन मलाही आला, तोच "सहज". खबर मी दिली नाही; बावळटपणा मात्र माझा. तुझं दुसरं पत्र स्टुडिओत माझ्या पिशवीतून पडलं. घशानं ते उचलून, प्रामाणिक मनुष्य असल्यानं, करारबाईंकडे हरवलेली वस्तू म्हणून जमा केलं. त्यांनी ते मला पाकिटासकट परत केलं आणि माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हे तुला पटणार नाही याची खात्री आहे. मलाही पटलं नसतं.

सोबत माझी नऊ ते बाराची पानं. त्रेचाळीस. कच्चं भाषांतर डावीकडे, माझा आगाऊपणा उजवीकडे, सगळं स्वहस्ते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझी सही आहे, म्हणजे तुला तक्रार करायची झाली तर अडचण नको.

का पाठवतेय? बाराव्या भागात वणव्याच्या चेहऱ्याआडून तुझा गारठा मरायला निघालेला आहे आणि मी त्याच्या तोंडात शिव्या घातल्या आहेत. मला ते सहन होत नाही. नोकरी जाईल तर जाईल, पण तो बिचारा कुणा दुसऱ्याच्या जिभेनं मरायला नको.

आता माझी पाठ तुझ्याकडे आहे.

ताई


११ जुलै

आठ दिवस झाले. पान नाही, पत्र नाही.

आज करारबाईंनी बोलावणं पाठवलं आहे: परवा अकरा वाजता, "सोबत ओळखपत्र आणावे." एवढं औपचारिक त्यांनी मला नेमतानाही लिहिलं नव्हतं.

मला आश्चर्य वाटलेलं नाही एवढंच कळवते. आत्या समेट म्हणाली होती. तिला सांगू नकोस.


२२ जुलै

शंकासुरा,

चार दिवस एका खोलीत, एका टेबलाच्या दोन टोकांना आपण बसलो. मध्ये करारबाई, त्यांच्यापुढे घड्याळ, आणि ओळींपलीकडे एक शब्द बोलायची मुभा नाही. तुझे केस पांढरे झाले आहेत हेसुद्धा बोलायचं राहिलं. तेव्हा आता लिहिते.

त्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे एक जाड पाकीट ठेवलं.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"आणि हे तुमच्या भावाचं?"

"आतेभावाचं."

"फरक पडतो?"

"आमच्यात फार."

पाकिटात माझी पानं, तुझी पानं, आणि तुझी चार ओळींची चिठ्ठी: करार दोघांनीही मोडला आहे, पानं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, मग काय ते ठरवावं. बाईंनी वाचली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं त्यांच्या. वाटणी चेहरा बघून त्यांनीच केली होती ना. तरी म्हणाल्या, "एक कागद तयार आहे. ही पानं त्यांनी तुमच्याकडून फसवून मिळवली, एवढी सही करा. चुका दुरुस्त करायला चार दिवस दोघंही बसाल, पण नंतर तुम्ही राहाल."

खोटं सांगत नाही, पेनाचं टोपण मी काढलं होतं. मग म्हटलं, "पहिलं पत्र मी लिहिलं बाई. तारीख बघा, दोन जून."

पुढचं तुला माहीत आहे. काम झालं, घसा वणवा होऊन थंड बोलला आणि रेकॉर्डिंगवाला ऐकत राहिला, आणि अठरा तारखेला संध्याकाळी आपल्या दोघांनाही नारळ मिळाला.

आता माझी शंका. बाईंच्या पाकिटात माझ्या पानांची झेरॉक्स होती. मी तुला मूळ पानं पाठवली होती. ती कुठे आहेत? आणि माझी पानं मिळाल्यापासून ते पाकीट पोचेपर्यंत तू काय करत होतास?

ताई


२७ जुलै

ताई,

विचारशील असं वाटलंच होतं.

तुझी पानं पाच तारखेला आली. आल्या आल्या झेरॉक्स काढली, ग्रंथालयातली सवय. त्याच दुपारी तक्रारीचा अर्ज लिहिला. तुझ्याविरुद्ध. सुवाच्य, मुद्देसूद, दीड पान. नऊ तारखेच्या रात्री तुझी मूळ पानं आणि अर्ज एका पाकिटात घालून ते चिकटवलं. बायको म्हणाली, "चेहरा असा का झालाय?" म्हटलं, "डिंकाचा वास."

मग झेरॉक्स आणि माझी पानं यांचं दुसरं पाकीट केलं. का केलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही. दोन्ही पाकिटं घेऊन दहा तारखेला कंपनीत गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "द्या." मी पिशवीत हात घातला. ताई, काउंटरपर्यंत ठरलेलं नव्हतं. हे तुला आवडणार नाही, पण यापेक्षा बरं काही सांगितलं तर तू ओळखशील.

माझीही चौकशी झाली. माझ्यापुढेही एक कागद होता, तुझं नाव घातलेला. मी सही केली नाही. पण तुझ्यासारखं फर्डं काही बोललोही नाही. फक्त खोकलो.

पहिलं पाकीट सोबत आहे. तेव्हापासून उघडलेलं नाही. वाच, जाळ, तुझ्या आत्याला दाखव. तुझा निर्णय.

आतेभाऊ


२ ऑगस्ट

शंकासुरा,

पाकीट मिळालं. खिडकीपाशी बसून सुरीनं उघडलं.

अर्ज वाचला. उत्तम आहे. "सदर लेखिका विश्वासास अपात्र" हे वाक्य तर असं तासून घेतलं आहेस की मलाच क्षणभर पटलं. राग आला, खूप आला. चहा दोनदा निवला.

मग पानं काढली. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि मग सगळी त्रेचाळीस टेबलावर पसरली. एकाही पानावर जागा उरलेली नाही. माझ्या शिव्या तू लाल शाईनं एकेक करून काढल्या आहेस, तिथं गारठ्याची वाक्यं बसवली आहेत, समासात ओठ किती वेळ हलतात त्याची मापं मोजली आहेत. बाराव्या भागातलं त्याचं निरोपाचं वाक्य सहा वेळा लिहून सहा वेळा खोडलं आहेस. सातवं राहिलं आहे. त्या खोलीत तू ते पाठ असल्यासारखं सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, आत्ताच सुचलं.

म्हणजे माझा गळा कापायला बसलेल्या माणसानं आधी माझं काम पुरं केलं, आणि मग तेच पुरावा म्हणून पाकिटात घातलं. अरे, हे काउंटरवर ठेवलं असतंस तर करारबाईंनी पहिला प्रश्न विचारला असता, "हे लाल अक्षर कुणाचं?" आरोपीच्या आधी तक्रारदार बाहेर पडला असता.

पाकीट चिकटवताना हे तुझ्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते मी विचारत नाही. तू काहीही सांगितलंस तरी मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही, आणि माझं वय झालं आहे, आता ही सवय सुटायची नाही.

दहाव्या भागात मात्र एक गडबड आहे. जिन्यावर तुझा गारठा सात वाक्यं बोलतो. चार पुरेत. रेकॉर्डिंग होऊन गेलंय, मला ठाऊक आहे. तीन खोडून पान परत पाठवते आहे. पटलं नाही तर तसं लिही.

ताई